बंद मागाचा फोटो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच: सोलापुरात अजून गल्लोगल्ली माग खडखडतायत, मग त्या सामसूम संग्रहालयात जाऊन बंद यंत्रांचे फोटो कशाला काढता?

कारण चालू मागावर धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा तो लाकडी तुकडा, दिसतच नाही. मिनिटाला शंभराच्या वर धावतो तो, कॅमेऱ्यात नुसता पट्टा उमटतो. आणि कारखान्यात ट्रायपॉड लावला की मालक आधी चहा पाजतो, मग घड्याळाकडे बघतो.

संग्रहालयात धोटा काचेच्या पेटीत निवांत पडलेला. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड, मध्ये कांडीची, म्हणजे सूत गुंडाळलेल्या नळीची, खाच, बाजूला सूत बाहेर यायचं बारीक भोक. कांडी बदलली की विणकर तिथे तोंड लावून सूत श्वासाने ओढून घ्यायचे. पाळीत कितीदा! सुताची धूळ छातीत जायची ती वेगळीच. त्या भोकाभोवती लाकूड काळपट, गुळगुळीत झालंय. दुपारी चारनंतर खिडकीतून तिरपा उजेड आला की ते दिसतं. फ्लॅश मारला की सगळं सपाट.

जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, भोकं पाडलेले पत्ते मात्र उजेडाच्या विरुद्ध बाजूने घेतो. भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक उचलला जातो, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. एका पत्त्यावर बाण्याचा, म्हणजे आडवा, एकच धागा. चादरीवरचा मोर म्हणजे शेवटी एवढंच. मी पत्त्यांच्या माळेत तो शोधत बसतो, अजून सापडलेला नाही.

आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये, म्हणजे १८७७ला सुरू झालेल्या त्या मिलमध्ये होते. आजी घरी कांड्या भरायची. तरी मला कांडी कळते असं समजू नका. धोट्याचा माझा सगळ्यात आवडता फोटो मी तिथल्या शिपाईमामांना दाखवला. आधी वीस-बावीस वर्षं मागावर काढलेला माणूस. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "कांडी उलटी ठेवलीय की ओ. टोक भोकाकडं पायजे."

पुढच्या मंगळवारी त्यांनी पेटी उघडून कांडी फिरवली. चारची वाट बघत दोघं बसलो.