पुढे 43-8, मागे 39-8

गगनबावड्याकडच्या एका काकांची महिंद्राची जुनी सीजे-3बी जीप पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गॅरेजला आली. तक्रार अशी की फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, टाकलं की चिखलात गाडी मस्त चालते पण डांबरावर आल्यावर फोर बाय फोरची दांडी निघतच नाही, कितीही जोर लावा, थोडं रिव्हर्स घेतलं की मग खाडकन सुटते. आधी दुसरीकडे ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी, खोलून झालेली, गिअर बदलले, बेअरिंग बदलली, पैसे गेले आणि त्रास जिथल्या तिथे. काका वैतागून म्हणाले, "मेस्त्री, आख्खी केसच नवीन टाका आता, विषय संपवा."

मी म्हटलं काका थांबा, अजून काही खोलायचं नाही. रिव्हर्सला सुटते म्हणजे कुठेतरी पीळ साठतोय आणि मागे गेलं की तो उलगडतोय. या जीपला मध्ये डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्याला वेगवेगळे फेरे घेऊ देणारे गिअर, नसतं, फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (केसमधून ॲक्सलकडे ताकद नेणारा दांडा) एकमेकांना जखडले जातात, दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. वळणावर थोडा पीळ बसतोच, म्हणून तर कोरड्या डांबरावर फोर बाय फोर चालवू नये म्हणतात, पण सरळ रस्त्यावर शंभर मीटरमध्ये एवढं जाम व्हायचं काही कारण नाही.

तेवढ्यात त्यांचा मुलगा सहज बोलून गेला की मोबाईलवर स्पीड 60 दिसतं तेव्हा मीटर 54 च दाखवतो. इथे माझी ट्यूब पेटली. मीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते, म्हणजे मीटर चाकं मोजत नाही, प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजतो, आणि ते कमी भरतायत म्हणजे मागचा रेशोच, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे ते प्रमाण, बदललाय. विचारलं तर कळलं, मागे एकदा घाटात मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग गेलं होतं आणि कुणीतरी भंगारातून दुसऱ्या जीपचं आख्खं हाऊसिंग आणून बसवलं होतं. त्रास तेव्हापासूनचाच, पण दोन्हीचा संबंध कुणी लावला नव्हता.

रेशो मोजायला काहीच खोलावं लागत नाही. गिअर न्यूट्रल, एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ. जीपचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टलाच असतो त्यामुळे तो सोडावा लागतो, म्हणून बाकीच्या चाकांना दगड घट्ट लावायचे, यात हयगय नको. एक चाक जमिनीवर अडलेलं असलं की मोकळ्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा (हाऊसिंगमधल्या मोठ्या दातेरी चक्राचा) एक फेरा, हे ध्यानात नसेल तर आकडा निम्मा येतो आणि माणूस चक्रावतो. या जीपांना 4.88 नाहीतर 5.38 रेशो असतो, दोन्हीतला फरक जेमतेम अर्ध्या फेऱ्याचा, डोळ्याने चुकू शकतो, म्हणून चाक वीस फेरे फिरवायचं. पोरगा चाक फिरवतोय, मी खाली झोपून शाफ्टची रेघ मोजतोय. मागे आले 48 आणि पाऊण. पुढे तेच केलं, 53 आणि पाऊण.

मग कव्हर उघडलं, मागच्या क्राऊनवर ठोकलेलं होतंच 39-8, पुढे 43-8, म्हणजे आधी क्राऊनचे दात आणि मग त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे, पिनियनचे. भागून बघा, 4.875 आणि 5.375. दुसऱ्या महायुद्धातल्या मिलिटरी विलीज जीपला 39-8 असायचं, 1945 ला शेतीच्या कामाला चालेल अशी सिव्हिलियन सीजे-2ए काढली तिला ओढ जास्त हवी म्हणून 43-8 दिलं आणि सीजे-3बीलाही तेच आलं. या आकड्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. 43 आणि 8, 39 आणि 8, कशालाही दोन्हींना एकदम भाग जात नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भिडतो आणि झीज सगळीकडे सारखी पडते. इंग्लंडच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारला 43 आणि 11, तिथेही तसंच.

फरक दहा टक्क्यांचा, म्हणजे एकाच जुवाला दोन बैल, पुढचा दहा पावलं टाकतो तेवढ्यात मागचा अकरा. चिखलात टायर घसरून फरक मुरतो, डांबरावर टायर घसरायला बघत नाही मग सगळा पीळ ट्रान्स्फर केसच्या दातांवर. ती बिचारी केस उगाचच दोषी ठरली होती.

मुलाचं म्हणणं पुढेही 39-8 टाकू, पळायला बरी. खरंय, 6.00-16 टायरवर टॉप गिअरला 60 च्या स्पीडला इंजिन मिनिटाला साधारण 2,200 फेऱ्यांवर राहतं, 5.38 ला ते 2,450 च्या आसपास जातं. पण काका ट्रेलरला भाताची पोती लावून करूळ घाट चढतात, त्यांना ओढच पाहिजे. मागे 43-8 च ठरलं. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यायचे, कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एक जुना एक नवा केलं की आवाज करणार म्हणजे करणार. पिनियनची शिम (जागा जुळवायची पातळ चकती) लावून, दातांना निळा रंग लावून, ठसा मधोमध येईपर्यंत परत परत खोललं, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजवर 0.15 ते 0.20 मिलिमीटरमध्ये बसवला.

ट्रायलला फोर बाय फोर टाकून शेतातून डांबरावर आलो, काकांनी दोन बोटांनी दांडी काढली. मीटर आणि मोबाईलही जुळले. दोन्ही हाऊसिंगवर पांढऱ्या पेंटने ठळक 43-8 लिहून दिलंय. काढलेलं 39-8 चांगलं आहे, कुणी मिलिटरी विलीज उभी करत असेल तर त्याला देईन, सीजे-3बीला कुणी मागितलं तर मात्र नाही.