निगेटिव्ह आणि स्कॅनर
आज सकाळी सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी फिल्मवर छायाचित्रे काढणारे आम्ही पाच-सहा जण जमलो होतो. घरी डार्करूम (फिल्म धुण्याची आणि छापण्याची अंधारी खोली) नसल्यामुळे आपण निगेटिव्ह लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, ठेवून अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने डिजिटल कॅमेऱ्यात टिपतो, असे एका तरुणाने सांगताच आमच्यातील एका ज्येष्ठांनी ‘मग फिल्म वापरायचीच कशाला?’ असे विचारले. तो मुलगा नंतर बोललाच नाही, याचे मला फार वाईट वाटले.

माझ्या मते फिल्मचे फिल्मपण प्रकाश पडताच तिच्यावरील सिल्व्हर हॅलाइड या प्रकाशसंवेदी क्षाराच्या कणांत उमटते आणि डेव्हलपर या रसायनात दिसू लागते. त्यानंतर ती प्रतिमा एन्लार्जरखालून (निगेटिव्ह मोठी करून छापणाऱ्या यंत्राखालून) कागदावर जावी की डिजिटल सेन्सरवर, हा पुढचा प्रश्न आहे. ३५ मिमीची फ्रेम २४०० डीपीआयला (दर इंचाला २४०० बिंदू) स्कॅन केली तर सुमारे ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात आणि निगेटिव्ह पुन्हा छापण्यासाठी शाबूत राहते. डार्करूममध्ये कागदावर छापलेल्या ब्रोमाइड प्रिंटची खोली (माझा जीव तिच्यातच आहे) पडद्यावर येत नाही, हे मान्यच. पण सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वजांचे (मिरवणुकीतील उंच काठ्यांचे) माझे जुने रोल स्कॅन केले नसते, तर ते पुण्यातील भावाला कधी दिसलेच नसते.

पुढच्या रविवारी त्या मुलाला मी माझ्या डार्करूममध्ये बोलावले आहे आणि लाइटबॉक्स सोबत आणण्यास मुद्दाम सांगितले आहे.