काजळपूरचा ऱ्हास

काजळपूर हे शहर आपल्या शाळेच्या एका हस्तलिखिताखेरीज कुठेही सापडणार नाही. आमच्या नववीच्या वर्गाने १९८४ साली सिद्ध केलेल्या त्या अंकात ते वसले, भरभराटीला आले आणि उत्तरार्धात पानोपानी खचत गेले. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा स्नेहसंमेलने, सहली आणि क्रीडांगण यांविषयी माझ्याहून सरस लिहिणारे पुष्कळ जण आहेत हे ध्यानात घेऊन, गॉब्लिन नावाच्या बुटक्या, लांबकान्या, खाणीत राहणाऱ्या जमातीच्या त्या पडत्या शहराविषयीच लिहायचे मी ठरवले. पुढे माझे आयुष्य भूजलाच्या अभ्यासात गेले, आणि त्या अभ्यासाची पहिली ओळख मला त्या हस्तलिखिताच्या समासांत झाली होती.

गॉब्लिन आमच्याकडे आले ते वर्गातल्या एका मुलीच्या थोरल्या बहिणीच्या इंग्रजी परीकथांच्या पुस्तकातून. आपल्याकडे भुतांची वाण होती असे नाही. मुंजा, समंध, खवीस, झोटिंग, हडळ, गिऱ्हा ही मंडळी प्रत्येकाच्या आजीने ओळखीची करून दिलेली होती. परंतु मुंजा आपल्या पिंपळावर, गिऱ्हा आपल्या डोहात, असा तो सगळा एकांड्या शिलेदारांचा कारभार. वेताळाची पालखी निघते खरी, पण तीही रात्रीपुरतीच. त्याच्या राज्यात ना पेठा, ना जकात, ना पाणीपुरवठा. शहर वसवायचे तर हाताला कसब असलेली आणि एकत्र नांदणारी जमात हवी होती, आणि युरोपातल्या कथांत गॉब्लिनांचा खाणींशी जुना संबंध असल्यामुळे ते या कामी योग्य ठरले. काहींचा आग्रह होता की शहर वेताळ टेकडीच्या पोटातच असावे. भूगोलाच्या बाईंनी तो तिथल्या तिथे निकालात काढला. पुण्याखालचा सारा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट आहे, त्यात खाणीजोगे तांबे नाही की चांदी नाही, मग तुमचे गॉब्लिन तिथे बसून करणार काय, असे त्यांनी विचारले. परिणामी काजळपूर तीन डोंगररांगांपलीकडच्या एका कल्पित देशात, ग्रॅनाइटच्या पोटात गेले.

पहिला खर्डा आम्ही मोठ्या हौसेने लिहिला. सात मजले खोल शहर. त्यात तांबे घडवणाऱ्यांची ठोके पेठ, दिवे सांभाळणाऱ्यांची वाती पेठ, अळंबी पिकवणाऱ्यांची बुरशी पेठ आणि सर्वांत वर, छताला वटवाघळे लटकलेल्या दालनाची उलटी पेठ. शेवटी एक ड्रॅगन येऊन सगळे जाळून टाकत असे. बाईंनी शुद्धलेखनाला हात लावला नाही. त्यांनी समासात लाल शाईने एवढेच लिहिले होते: ‘हे लोक खातात काय? आणि ड्रॅगन आलाच नसता, तर हे शहर आणखी किती टिकले असते?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सोपे वाटले. गॉब्लिन अळंबी खातात, आणि अळंबीला उजेड लागत नाही. जीवशास्त्राच्या सरांनी ते उत्तर ऐकून घेतले आणि सांगितले की, अळंबीला उजेड लागत नसला तरी कुजणारे काहीतरी लागते. हिरव्या पानाप्रमाणे ती स्वतःचे अन्न तयार करत नाही, म्हणून उजेडात वाढलेले काहीतरी अंधारात आणून टाकल्याशिवाय तुमचे शहर जेवणार नाही. गुहेत हे काम वटवाघळे करतात. ती रात्री बाहेर पडून रानातले किडे खातात, पहाटे परत येतात, आणि त्यांच्या विष्ठेच्या थरांवर बुरशी, किडे, कोळी अशी गुहेतली बहुतेक जीवसृष्टी पोसली जाते. उलटी पेठ आम्ही केवळ गंमत म्हणून घातली होती, ती या एका खुलाशानंतर शहराचे कोठार झाली. बुरशी पेठेचे शेतकरी दररोज सकाळी (खाली सकाळ कशी कळते, यावर एक तास वाद झाला, तो इथे सोडून देतो) टोपल्या भरून ते खत सहा मजले खाली वाहून नेऊ लागले.

यानंतर रसायनशास्त्राच्या सरांनी त्यात जे घातले, त्याने कथेला खरे वळण मिळाले. वटवाघळांच्या विष्ठेने मुरलेल्या गुहेतल्या मातीपासून सोरा काढता येतो, आणि बंदुकीच्या दारूत वजनाने सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील मॅमथ गुहेतून १८१२ च्या युद्धाच्या वेळी असाच सोरा काढला गेला होता. वरच्या राज्यांत युद्ध जुंपले आहे, काजळपूरच्या तांब्याला पूर्वीचा भाव राहिलेला नाही, आणि वरून आलेला व्यापारी सोऱ्याला चांदीच्या मोलाने भाव देतो आहे, अशी परिस्थिती आम्ही मांडली. काजळपूरने करार केला. जे खत अळंबीच्या वाफ्यांत जात होते, ते हळूहळू सोऱ्याच्या कढयांत जाऊ लागले. शिवाय कढया आणि भट्ट्या पेटत्या ठेवायच्या तर कोळसा हवा, कोळशासाठी वरचे रान तोडणे आले, रान गेले तसे किडे गेले आणि किडे गेले तशी वटवाघळांची संख्या वर्षागणिक घटत गेली. नववीतल्या मुलांना याहून मोठा आनंद नसतो, असे मला आजही वाटते: चार वेगवेगळ्या तासांना शिकलेल्या चार गोष्टी एका साखळीत बसल्या आणि शहर आमच्या डोळ्यांदेखत उपाशी पडू लागले.

त्याच सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सॅक्सनीच्या खाणींत एक खनिज निघे, ते भाजले की चांदी मिळत नसे, उलट आर्सेनिकचा विषारी धूर निघे. खाणकामगार त्याचा दोष कोबोल्ड नावाच्या गॉब्लिनांना देत, आणि १७३५ च्या सुमारास गेऑर्ग ब्रांट या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने त्यातून जो नवा धातू वेगळा काढला, त्याला कोबाल्ट हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले. आमच्या कथेत माणसांच्या जागी गॉब्लिनच खाणकामगार असल्यामुळे त्यांना दोष द्यायला कोणी उरले नव्हते, म्हणून ठोके पेठेतले म्हातारे भट्टीच्या धुराचा दोष ‘वरच्या लोकांच्या नजरेला’ देतात, असा एक परिच्छेद वर्गातल्या एका मुलीने लिहिला. संपूर्ण हस्तलिखितात तो सर्वांत चांगला आहे, आणि तो माझा नाही.

हवा आणि पाणी हे भाग माझ्याकडे होते. बाईंनी आम्हां काही जणांना कात्रजच्या तलावावर नेले आणि तिथून परतताना अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेल्या भूमिगत जलवाहिनीची हकिगत सांगितली. दोन तलाव आहेत, कारण वरच्यात गाळ बसतो आणि निवळलेले पाणी खालच्यात येते. तिथून ते केवळ उताराने, कोणत्याही यंत्राविना, शहरातल्या हौदांपर्यंत पोचत असे. वाहिनीवर ठिकठिकाणी उच्छ्वास उभारलेले आहेत. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडते आणि आत उतरून गाळही काढता येतो. मला त्या उच्छ्वासांचे विलक्षण आकर्षण वाटले. काजळपूरला मी उच्छ्वास दिले, आणि ते साफ ठेवण्यासाठी वाती पेठेतील एक घराणे नेमले. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी आपल्याकडे जळता कंदील आत सोडतात, तो विझला तर माणूस उतरत नाही. त्या घराण्याचे कामही तेच होते. पुढे तुर्कस्तानातल्या देरिनकुयू या खरोखरच्या भूमिगत शहराविषयी वाचले, तेव्हा तिथेही हवेचे खोल कूप आहेत हे पाहून मला फार समाधान वाटले.

पाण्याची अडचण उलटी होती. खाणीत पाणी आणावे लागत नाही, ते उपसावे लागते. इतिहासाच्या सरांनी सांगितले की, थॉमस न्यूकोमेनचे १७१२ मधले वाफेचे इंजिन पहिल्यांदा जुंपले गेले ते खाणीतले पाणी बाहेर काढण्याच्या कामालाच. काजळपूरकडे वाफ नव्हती, पायांनी फिरवायचे रहाट होते आणि ते दिवसरात्र चालू ठेवावे लागत. रहाटाला लाकूड लागते, दोर लागतो आणि त्याहून अधिक म्हणजे पोटभर जेवलेले पाय लागतात. उपासमारीची साखळी आणि पाण्याची साखळी इथे एकत्र आली. सातवा मजला सोडून द्यावा लागला, तेव्हा राजाने दवंडी पिटवली की सातव्या मजल्यावरचे तांबे तसेही हलक्या प्रतीचे होते. सहावा सोडला, तेव्हा दवंडी पिटवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

ठोके पेठेचे बारकावे माझ्या बाकावरच्या मित्राने पुरवले. त्याचे घर कसबा पेठेतल्या तांबट आळीत होते आणि तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन ते कसे मठारतात, त्याने पत्र्याला बळकटी कशी येते, हे तो आम्हांला डब्याच्या झाकणावर पेन्सिल आपटून दाखवीत असे. त्याच्या वडिलांना कोणी विचारले तर ते धंदा मंदावला असे कधीच म्हणत नसत. पूर्वी लग्नात तांब्यापितळेची भांडी देत, आता स्टीलची देतात, एवढेच शांतपणे सांगत. ड्रॅगनचा खरा निकाल त्या वाक्याने लागला. कसब तेवढेच, हात तेवढेच, भांडे पूर्वीइतकेच चांगले, आणि तरीही गिऱ्हाईक येत नाही, ही गोष्ट कोणत्याही राक्षसापेक्षा आम्हांला अधिक भीतीदायक वाटली. वर्गातल्या अर्ध्या मुलांना मात्र ती अजिबात वाटली नाही आणि त्यांनी ड्रॅगनचे स्वतंत्र हस्तलिखित काढले. त्यातली चित्रे आमच्यापेक्षा चांगली होती, हे मान्य करायला हवे.

ऱ्हास दिसतो कसा, हा प्रश्न उरला होता. त्यासाठी बाई आम्हांला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन गेल्या. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले होते. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० या काळात मोठी चौकोनी घरे होती. त्यानंतरच्या तीनशे वर्षांत त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती कमी झाली आणि शिकार व शेळ्यामेंढ्या यांवरचा भर वाढला. डॉ. म. के. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. आम्हांला कारणापेक्षा घरांचे आकार अधिक भावले. गाव उद्ध्वस्त झाले नव्हते, तिथे लढाई झाल्याचे कोणी सांगत नव्हते. माणसे तिथेच राहत होती, फक्त लहान घरांत राहू लागली होती. कथा-कादंबऱ्यांतली पडकी शहरे मला त्यानंतर बहुधा खोटी वाटत आली आहेत. त्यांत सुंदर कमानी असतात, वेली असतात, एखादा शाप असतो, आणि तिथे अजून राहणारे लोक सकाळी काय करतात याचा पत्ता नसतो.

म्हणून काजळपूरच्या शेवटच्या प्रकरणात पहिल्या मजल्यावरच्या दरबाराच्या विशाल दालनात गॉब्लिनांच्या लहान गोल झोपड्या आहेत. दालनाला ऊब देण्याइतके सरपण मिळत नाही, झोपडीपुरते मिळते. खांबांवरचा तांब्याचा पत्रा उतरवून त्याची भांडी केलेली आहेत आणि ती भांडी उत्तम मठारलेली आहेत. मुखाजवळच्या उतारावर ते शेळ्या राखतात, उन्हाने त्यांचे डोळे चुरचुरतात, आणि त्यांची मुले खालच्या मजल्यांची नावे पाढ्यांसारखी पाठ म्हणतात.

नोकरीच्या निमित्ताने पुढे कोलारला जाण्याचा योग आला. तिथल्या सुवर्णखाणी तीन किलोमीटरहूनही खोल गेलेल्या, त्यांच्यासाठी शिवनसमुद्रहून १९०२ साली वीज आणलेली. २००१ साली त्या बंद झाल्या, उपसा थांबला आणि खालून पाणी चढत गेले. वर सायनाइड वापरून सोने काढून घेतल्यानंतर उरलेल्या मातीचे करडे डोंगर आहेत आणि वसाहतींत माणसे राहत आहेत. तिथल्या अधिकाऱ्यांना मी उपशाविषयी जे प्रश्न विचारले, त्यांतले बरेचसे मला नववीतच पडलेले होते, हे त्यांना सांगण्याचे धैर्य झाले नाही.

हस्तलिखित आजही शाळेच्या ग्रंथालयात आहे. शिवण उसवली आहे, तेव्हा जपून हाताळावे. बाई आता नाहीत. तांबट आळीतला माझा मित्र आणि मी भेटलो की विषय हमखास तिथे जातो, आणि गेली कित्येक वर्षे आमचे एका मुद्द्यावर एकमत झालेले नाही. त्याचे म्हणणे असे की, सोऱ्याचा करार तिसऱ्या पिढीत मोडता आला असता. वटवाघळे तोवर पुरेशी होती, रान अर्धे शिल्लक होते, राजाने वाईटपणा घेतला असता तर काजळपूर तगले असते. मला ते पटत नाही, कारण तोवर रहाटांचे लाकूड, दोर आणि मजुरी हे सगळे त्याच सोऱ्याच्या पैशांतून भागत होते, आणि करार मोडला असता तर तिसऱ्या पिढीतच सातवा मजला पाण्याखाली गेला असता. यावर तो म्हणतो की, सातव्या मजल्यावरचे तांबे तसेही हलक्या प्रतीचे होते.