मोटारींच्या डिक्कीवरून साल

जुन्या मुंबईच्या छायाचित्राखाली ‘साधारण १९५०’ असे लिहून मोकळे होण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी मला फारसा आदर नाही. ट्राम दिसली, टोपीवाले दिसले आणि चार गोलमटोल मोटारी दिसल्या की १९५० ठरलेले असते. वास्तविक त्या मोटारींना आणि त्यांच्या मागच्या इमारतींना नीट प्रश्न विचारले, तर साल बरेच जवळ आणता येते. फक्त कोणाला कोणता प्रश्न विचारायचा, हे कळले पाहिजे.

मोटारींपासून सुरुवात करणे सोपे, कारण अमेरिकन कारखाने त्या काळी दरवर्षी गाडीचा चेहरा थोडाफार बदलत असत. बॉनेटच्या बाजूला जहाजाच्या खिडक्यांसारखी गोल भोके दिसली, तर ती ब्यूक १९४९ किंवा त्यानंतरची समजावी. विमानासारखे टोकदार नाक असलेली स्टुडबेकर १९५० किंवा १९५१ ची. मॉरिस मायनरची पुढची काच मध्ये पट्टी घालून दुभागलेली असेल, तर ती गाडी १९५६ किंवा त्याआधी बनलेली असते. ग्रँट रोडच्या गॅरेजमध्ये आयुष्य घालवलेले एक वयोवृद्ध स्नेही मला नेहमी म्हणतात, “तोंड काय बघत बसतोस, डिक्की बघ.” त्यांचे म्हणणे खरे आहे. हिंदुस्थान मोटर्सची १९५४ ची लँडमास्टर आणि १९५७-५८ च्या सुमारास आलेली अँबॅसेडर समोरून पाहताना नवख्याचा घोटाळा होऊ शकतो. पण लँडमास्टरची पाठ गोल उतरत जाते आणि अँबॅसेडरला मागे दोन्ही बाजूंना लहानसे पंख फुटलेले असतात. फियाटचे १९५४ पासून येथे मिळू लागलेले इलेव्हन हंड्रेड मॉडेल, ज्याला मुंबईकर अजूनही ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, ते मात्र कोणत्याही कोनातून लपत नाही.

तथापि मोटार छायाचित्राची एकच बाजू सांगते. हे चित्र अमुक सालाच्या आधीचे नाही, इतकेच तिला ठाऊक असते. ते किती नंतरचे आहे, हे सांगणे तिच्या हातात नसते आणि मुंबईत तर मुळीच नसते. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता, कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ मध्ये डॉज आणि प्लायमथ जुळवायला घेतल्या. पुढे सरकारने देशी उत्पादनाचा आग्रह धरल्यावर १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्सने येथून गाशा गुंडाळला आणि परदेशी गाडी आणणे दुरापास्त झाले. जे मिळत नाही ते माणूस जपून वापरतो. त्यामुळे १९४७ ची शेवरले, हेडलाइट बदलून, इंजिन दुरुस्त करून आणि प्रसंगी दुसऱ्याच गाडीचा बंपर लावून, १९६५ च्या छायाचित्रातही ऐटीत उभी राहू शकते. तिच्या भरवशावर ‘१९४७’ लिहिणाऱ्याची फसगत ठरलेली.

दुसरी बाजू रस्ता सांगतो. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, तेव्हा धावती ट्राम दिसली की चित्र त्यानंतरचे असू शकत नाही. (नुसत्या रुळांवर विसंबू नये, ट्राम गेल्या म्हणजे रूळ त्याच रात्री उखडले गेले असे नाही.) गेटवेसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा नसेल, तर चित्र २६ जानेवारी १९६१ च्या आधीचे. काळा घोडा चौकात राजा सातव्या एडवर्डच्या पुतळ्यातल्या काळ्या घोड्यावर स्वार असेल तर ते १९६५ च्या आधीचे, कारण त्या साली स्वारासह घोडा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला; बिनस्वाराचा घोडा दिसला तर तो २०१७ चा नवा. केम्प्स कॉर्नरला उड्डाणपूल नसेल तर पुन्हा १९६५ हीच कमाल मर्यादा.

माझ्याकडे फ्लोरा फाउंटनचे असे एक छायाचित्र आहे. त्यात ट्राम आहे, पाठमोरी लँडमास्टर आहे, आणि अगदी कडेला, अर्धी कापली गेलेली, मागे पंख असलेली अँबॅसेडर आहे. हुतात्मा स्मारक नाही. अँबॅसेडरमुळे चित्र १९५७ च्या मागे सरकत नाही आणि १९६१ मध्ये उभ्या राहिलेल्या स्मारकामुळे पुढे जात नाही. याच चौकात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला होता. म्हणजे हे चित्र गोळीबार आणि स्मारक यांच्या मधल्या काळातले आहे. ‘साधारण १९५०’ म्हणणाऱ्याच्या हातून नेमके हेच निसटते.

मुळात जागाच ओळखू येत नसेल, तर तळमजल्याकडे दुर्लक्ष करून वर पाहावे. दुकाने आणि पाट्या बदलतात, पण दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानी, सज्जे आणि कोपऱ्यांवरचे घुमट सहसा जागचे हलत नाहीत. एवढे करूनही काहीच जुळेना, तर गाडीचे स्टिअरिंग कोणत्या हाताला आहे ते पाहावे. डावीकडे असून सगळी वाहतूकही उजवीकडून चालली असेल, तर बहुधा निगेटिव्ह उलटी छापलेली असते.

आश्चर्य असे, की १९५८ चे चित्र जितके सहज उलगडते, तितके १९७८ चे उलगडत नाही. तोपर्यंत रस्त्यावर मुख्यतः फियाट आणि अँबॅसेडरच उरल्या होत्या आणि त्यांचे बदल जाळीपुरते, दिव्यांपुरते असत. मग थिएटरवरच्या फलकांचा आधार घ्यावा लागतो, कारण चित्रपट येतात आणि जातात. मिनर्व्हाचा फलक मात्र येथे कामाचा नाही. तेथे ‘शोले’ १९७५ मध्ये लागला आणि पाच वर्षे उतरलाच नाही.