पोत्याचा हिशोब अर्ध्या किलोवर

मी बेळगावात कॅम्पातल्या एका बेकरीत भट्टीवर आहे, १४ वर्षं झाली. लाकडाची भट्टी, पाव, बटर, खारी असलं सगळं. तर शाळेतले चौघं दोस्त गेल्या पावसाळ्यात मागं लागले की आम्हाला ब्रेड शिकव, घरी करायचाय. मी म्हटलं या रविवारी, त्यात काय आहे. त्यात काय आहे ते रविवारीच कळलं.

वडगावात आमच्या घरी सकाळी आठाला जमलो. प्रत्येकाचं वेगळं पातेलं, वेगळा मैदा. पहिलाच प्रश्न, पाणी किती? मी म्हटलं लागंल तेवढं. मीठ? अंदाजानं. यीस्ट? बघून घालायचं. चौघंबी माझ्या तोंडाकडं बघायलेत. आता मी रोज ५० किलोचं पोतं फोडतो, अर्ध्या किलोचं माप मला कुणी कधी विचारलंच नव्हतं! शेवटी रविवार पेठेत दुकान असलेला दोस्त म्हणाला तू पोत्याचं सांग, हिशोब मी करतो. पोत्याला मीठ एक किलो, म्हणजे अर्ध्या किलोला १० ग्रॅम. पाणी ३१ लिटर, म्हणजे ३१० मिली. यीस्ट पोत्याला किलोभर, पण ते बेकरीतलं ओलं यीस्ट, फ्रिजमधलं, आणि ह्यांनी आणलेलं डब्यातलं कोरडं, ते निम्म्याहून कमीच लागतं, म्हणून ४ ग्रॅम. दुकानदारानं खिशातनं मसाल्याचा छोटा काटा काढला, येतानाच घेऊन आलेला लेकाचा.

एकानं पाणी कोमट म्हटल्यावर चहासारखं उकळतंच ओतलं यीस्टवर. यीस्ट जिवंत असतं ओ, ५५-६० डिग्रीच्या वर मरतं, बोटाला चटका बसला म्हणजे त्यालाबी बसला. पाऊण तास झाला तरी त्याचा गोळा दगडासारखा तसाच. मग चमचाभर कोमट पाण्यात नवीन यीस्ट कालवून परत मळायला लावला. बैलहोंगलचा दोस्त घरी कन्नड बोलणारा, पाणी घालताना दर खेपेला 'साकु साकु', म्हणजे पुरे पुरे, म्हणून स्वतःलाच थांबवत होता, त्याचा गोळा मात्र पहिल्या झटक्यात जमला.

मळणं किती वेळ, तर हेबी मला सांगता येईना, हाताला कळतं एवढंच माहीत. तेवढ्यात चौथ्यानं आपला गोळा उचलला, लिंबाएवढा तुकडा तोडून दोन्ही हाताच्या बोटांवर हळूहळू ताणला, पलीकडची खिडकी दिसायला लागली तरी फाटला नाही. म्हणाला झालंय की हे, आमच्या आईचं मांड्याचं पीठ असंच येतंय. त्याची आई लग्नाच्या ऑर्डरीचे मांडे करते, लहानपणापासनं हा शेजारी बसून बघत आलेला. मी १४ वर्षं जे हातानं ओळखतोय ते ह्यानं डोळ्याला दाखवलं. नुसते मनात मांडे खाणारे आम्ही चौघं गप्प.

पाऊस चालूच, हवा गार, पीठ काय फुगेना. मग सगळी पातेली न्हाणीत बंबाजवळ नेऊन ठेवली. दीड तासात दुप्पट. मालकांनी दुपारी भट्टी वापरायला परवानगी दिलेली, म्हणून गोळे वळून परत पातेल्यात घातले आणि दोन स्कूटरवर चार पातेली घेऊन निघालो, तर दुसरं रेल्वे गेट पडलेलं. एक गाडी गेली, गेट उघडेना, दुसरी आली, आणि बंबाच्या उबेनं पेटलेलं पीठ काय थांबतंय, मांडेवाल्याच्या पातेल्याचं झाकण माझ्या मांडीवर हळूहळू वर यायला लागलं. शेजारच्या रिक्षातली बाई विचारते, काय ओ त्यात, जिवंत हाय काय? मी म्हटलं होय.

बेकरीत शेवटचा पाव निघून गेलेला. ओलं पोतं काठीला बांधून भट्टीत फिरवलं, राख निघाली, वाफबी धरली. आच बघायला चिमूटभर मैदा आत टाकला, टाकताक्षणी काळा. थोडं थांबलो. परत टाकला, आता हळूहळू तांबूस झाला, मग चार गोळे आत सोडले. पावाला पंधरा मिनिटं लागतात, ह्याला ३५ लागली. बाहेर काढून बुडाला टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा, चौघंबी कान लावून टिचक्या मारत बसले, मालक हसायलेत. उकळत्या पाण्यावाल्याचा बसकाच निघाला, पण त्यानंच सगळ्यात जास्त फोटो काढले. तासभर तरी थांबा, गरम कापला तर आत चिकट लागतो म्हणून सांगितलं, कोण ऐकतंय, तिथंच लोणी लावून अर्धा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडेवाल्याचा फोन. आईनं तुकडा तोडला, वास घेतला आणि म्हणाली, पीठ जरा जास्त फुगलं होतं काय रे, वाटेत कुठं थांबलासा?

गेटाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.