सगळ्याच ढोरांना कुठे इंजेक्शन देतो आम्ही?

गावात गिधाडांवर बोलायला गेलं की शेवटी एक प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या गोठ्यात बहुधा दोन-चार म्हशी असतात. "साहेब, गुरांच्या औषधाने गिधाडं मेली म्हणता. पण सगळ्याच ढोरांना कुठे इंजेक्शन देतो आम्ही? निम्म्याअधिक तर सुई न लागताच मरतात. मग एवढी गिधाडं गेली कशी?"

प्रश्न बिनतोड आहे. 'गिधाडं मोबाईल टॉवरमुळे गेली का?' या प्रश्नापेक्षा तर कितीतरी बरा. (टॉवरचं उत्तर लगेच देऊन टाकतो: मेलेली गिधाडं फाडून पाहिली, कारण त्यांच्या पोटात सापडलं.)

औषधाचं नाव डायक्लोफेनॅक. दुखणं आणि सूज कमी करणारं. आपल्या कंबरदुखीवर मिळते ती गोळी 50 मिलिग्रॅमची असते. पांढऱ्या पाठीचं गिधाड चार-पाच किलोचं. त्याला मिलिग्रॅमभर औषधसुद्धा जिवावर बेततं. मूत्रपिंडं काम थांबवतात, युरिक अ‍ॅसिड अंगातच साचतं आणि काळजावर, यकृतावर चुन्याचा हात मारल्यासारखा पांढरा थर चढतो. माणसाला होतो त्या गाऊटचाच हा प्रकार, फक्त सांध्यांऐवजी आतल्या अवयवांवर.

आता तुमचं गणित. गुराला दिलेलं डायक्लोफेनॅक काही दिवसांत त्याच्या शरीरातून निघून जातं. गेल्या वर्षी लंगडणाऱ्या बैलाला टोचलं होतं, त्याने गिधाडाचं काही बिघडत नाही. पण सुई टोचायची वेळ बहुतेकदा कधी येते? जनावर बसलं, उठेना, वैरणीला तोंड लावेना, तेव्हा. डॉक्टर येतात, दुखणं तरी कमी होईल म्हणून इंजेक्शन देतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी म्हैस जाते. औषध मांसात तसंच. म्हणजे कळपात औषध टोचलेली गुरं थोडी असली, तरी माळावर ओढून टाकलेल्या ढोरांत ती नेमकी येतात.

पुढचं गणित गिधाडाच्या बाजूचं. ते रोज खात नाही, दोन-चार दिवसांआड खातं. तरी वर्षाकाठी शंभराच्या आसपास ढोरांवर उतरतं. शंभरात एखादंच विषारी असलं, तरी वर्षभरात त्याच्याशी गाठ पडण्याची शक्यता मोठी. त्यात ती एकटी-दुकटी जेवत नाहीत, पंगतच बसते. एका म्हशीवर अख्खा थवा. आणि भरपाई? जोडी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं. 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी हे सगळं मांडून पाहिलं. शंभर ढोरांमागे एकापेक्षाही कमी विषारी असलं तरी झाली तेवढी घट होऊ शकते, असा हिशेब निघाला. तुमची शंका खरीच आहे: बहुतेक ढोरं निर्दोषच होती.

कारण शोधणाऱ्यांची कमाल मला याहून मोठी वाटते. बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग-अभ्यास संस्थेचे विभू प्रकाश राजस्थानात भरतपूरला गिधाडं मोजत होते, म्हणून नव्वदीच्या दशकात ती संपत चालल्याचं कागदावर आलं. आधी संशय रोगावर होता. पक्षी माना टाकून बसायचे आणि मरायचे. पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स हे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. गुरांचे डॉक्टर आणि औषधवाल्यांकडे जाऊन त्यांनी विचारलं: मूत्रपिंडाला घातक, पोटातून भिनणारं आणि अलीकडेच वापरात आलेलं काय काय विकता? यादीत उरलं एकच नाव. मग तपासणी केली. गाऊटने मेलेल्या पंचवीसच्या पंचवीस गिधाडांत डायक्लोफेनॅक सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या तेरांपैकी एकातही नाही. असा चोख निकाल या क्षेत्रात क्वचितच लागतो. 2004 च्या जानेवारीत तो 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला.

तोवर उशीर झाला होता. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. हजारातलं एक उरलं.

2006 मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची कुपी 3 मिलिलिटरपुरतीच ठेवली. नऊ वर्षं त्यातच गेली, याचा मला अजून राग येतो. शंभरात एकही ढोर परवडत नसेल, तर 'बऱ्यापैकी बंद झालंय' याला काडीची किंमत नाही. पुढे 2023 मध्ये कीटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक ही दुखण्यावरची आणखी दोन औषधंही गुरांसाठी बंद झाली. यातलं अ‍ॅसिक्लोफेनॅक तर गुराच्या अंगात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं; पाटी तेवढी वेगळी.

2024 मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातली गिधाडं आणून सोडली. ती अभयारण्याची हद्द कशाला पाळतील? ताडोबातलं एक तर तामिळनाडूपर्यंत गेलं. वाटेतल्या कुठल्या गावात कुठली म्हैस कशाने मेली, हे त्याला कोण सांगणार?

यावर पुढचा प्रश्न येतोच, "मग जनावराला तसंच कण्हत ठेवायचं का?" अजिबात नाही. मेलोक्झिकॅम हे दुखण्यावरचंच औषध गिधाडांना देऊन तपासलंय, बाधत नाही. टोल्फेनॅमिक अ‍ॅसिडही चालतं. डॉक्टर सुई भरायला लागले की कुपीवरचं नाव विचारा. डॉक्टर न बोलावता मेडिकलमधून परस्पर आणत असाल, तर आधी ते बंद करा. माणसांची कुपी गोठ्यात येते ती याच वाटेने.