योजना आहेत, मग अडतं कुठे?

"सरकारच्या एवढ्या योजना आहेत, तुम्हाला काहीतरी मिळत असेलच ना?" धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे हे कळलं की लोक आधी हळहळतात आणि मग हे विचारतात. पाहुणे विचारतात, शेजारी विचारतात, शाळेतल्या माझ्या सहकारी विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, कुठेतरी सोय असेल एवढंच वाटत असतं. सोय आहे. पण तिथपर्यंत पोचण्याची वाट जाता जाता सांगता येत नाही, म्हणून जरा बैजवार सांगते.

मानसिक आजाराला कायद्यात जागा आहे, आणि ती आजची नाही. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात तो होता, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांतही आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं की बऱ्याच सवलतींचं दार उघडतं. हे टक्के ठरवायला एक मोजपट्टी आहे. माणूस स्वतःची देखभाल किती करतो, माणसांत कसा वागतो, बोलणं समजतं का, काम जमतं का, हे तपासतात. आजार किती काळचा, यालाही गुण असतात. पद्धत विचार करून केलेली आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही.

पण हे तपासणाऱ्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या मेडिकल बोर्डाच्या टेबलापर्यंत माणूस न्यावा लागतो. माझा भाऊ म्हणतो, मला काही झालेलंच नाही. तो हट्ट करत नाही, या आजारात अनेकांना आपण आजारी आहोत हेच उमगत नाही. पाय गमावलेला माणूस बोर्डासमोर जाऊन आपली अडचण आपल्या तोंडानं सांगतो. इथे ज्याच्या नावाचा अर्ज, त्यालाच तो अर्ज मान्य नाही. फोटो काढायचा म्हटलं की भावाला वाटतं, 'ते लोक' फोटोवरून आपला माग काढतील. सही मागितली की घर लिहून घेताहेत असं वाटतं. सिव्हिलची तारीख मिळते, आणि नेमका त्या सकाळी तो खोलीची कडी आतून लावून बसतो. मग पुन्हा नवी तारीख.

आणि ज्या दिवशी तो येतो, तो त्याचा चांगला दिवस असतो. चांगला असतो म्हणूनच तर येतो! आईनं त्याला अंघोळीला पाठवलेलं असतं, दाढी करून दिलेली असते, इस्त्रीचा शर्ट घातलेला असतो. चार लोकांत लेकरू नीट दिसावं असं कुठल्या आईला वाटणार नाही? आत तो स्वतःचं नाव सांगतो, वार सांगतो, गाव सांगतो. "चांगला तर आहे की," असं आम्हाला ऐकवलं गेलं, आणि कागदावर 40 च्या आतला आकडा पडला.

त्या खोलीत जे दिसलं ती आईची मेहनत होती. गोळी हातावर ठेवायची, गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, रात्री दोनला तो दार उघडून निघाला की मागे जायचं, ताट समोर ठेवून "जेव" म्हणायचं, कारण कुणी म्हटलं नाही तर तो जेवत नाही. ही सगळी कामं आई करते म्हणून तो बरा दिसतो, आणि बरा दिसतो म्हणून टक्के कमी मिळतात. घरच्यांनी जितकं चांगलं सांभाळावं तितका मदतीचा हक्क आटत जातो. मला यावर सगळ्यात जास्त राग आहे.

दुसऱ्या खेपेला आम्ही आईची वही नेली. कधी तो बोलायचा थांबला, किती दिवस अंघोळ नाही, कधी गोळ्या थुंकल्या, तारखेसकट सगळं त्यात लिहिलेलं. डॉक्टरांनी ती वाचली, आईला वेगळं बसवून विचारलं आणि सर्टिफिकेट मिळालं. तेही मुदतीचं. मुदत संपली की पुन्हा तेच सगळं.

आता पैशाचं. संजय गांधी निराधार योजनेत 2023 पासून महिन्याला 1,500 रुपये होते, 2025 मध्ये दिव्यांगांसाठी ते 2,500 करायचं ठरलं. वाढ झाली, चांगलं झालं. पण दिव्यांगांच्या घराची वर्षाची उत्पन्नमर्यादा आहे 50,000. म्हणजे महिन्याला साधारण 4,166. शिलाई मशीनवर बसून आई याहून थोडे जास्त मिळवत असेल तर घर बाद. उत्पन्नाच्या दाखल्याला आम्हाला विचारलं गेलं, "मुलगी नोकरीला आहे ना?" मी लग्न होऊन दुसऱ्या गावात राहते, माझा संसार वेगळा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, अशी घरं उपचार आणि प्रवासावरच महिन्याला हजार ते दीड हजार रुपये घालतात असं आढळलं होतं. आमच्याकडे भाऊ क्लोझापिन या गोळीवर आहे, त्यात रक्ताची तपासणी नियमित करावी लागते. सिव्हिलमध्ये गोळ्या संपल्या की "बाहेरून आणा" म्हणतात.

निरामय ही आरोग्य विमा योजनाही लोक सुचवतात. ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, स्किझोफ्रेनिया तिच्यात बसत नाही. मात्र 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना शरीराच्या आजाराइतकाच मनाचा आजारही विम्यात घ्यायला सांगितलं आहे. आणि दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

आमच्यासारख्या घरांतल्या बायका भेटल्या की एकच वाक्य निघतं: "आमच्यानंतर याचं काय?" काही जणी त्याच्या पुढे जातात. "माझ्या आधी हा जावा," असं म्हणणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना दगडाच्या काळजाच्या म्हणू नका. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवत त्या आश्रयगृहाला 6 ऑगस्ट 2001 ला आग लागली, तेव्हा साखळदंडांत असलेले 28 मनोरुग्ण पळता न आल्यानं जळून गेले. त्यांना तिथे आणून सोडणारे बहुतेक घरचेच होते. आज कायद्यानं साखळीला बंदी आहे. पण बंदी घातल्यानं घरातल्या थकलेल्या माणसाला रात्रीची झोप मिळत नाही. त्याला पाळी बदलणारं दुसरं माणूस लागतं, गावाजवळ चालणारं दिवसाचं केंद्र लागतं, आणि अर्ज भरायला सोबत लागते.

तेव्हा तुमच्या ओळखीत असं घर असेल तर बोर्डाच्या तारखेला सोबत जा. रांगेत तुम्ही उभे राहा, म्हणजे आईला मुलाजवळ बसता येईल. तलाठ्याकडे, सेतूत, झेरॉक्सला तुम्ही जा. वही लिहायला सांगा. त्या घरातलं कुणी "आता जगणं नको" म्हणालं तर ते ऐकून सोडू नका, तिथेच बसून 14416 लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात, आणि तो सांभाळणाऱ्यांसाठीही आहे. आईनं एकदा लावला होता, भावासाठी म्हणून. समोरच्या मुलीनं आधी आईलाच विचारलं, तुम्ही झोपता कधी?